मुलगी वयात येते यावरचं नृत्यनाट्य उत्सवाच्या मांडवात का नको?

शेवंती: परवा पणजीत एका छोट्या हॉलमध्ये एकटीचा नृत्यनाट्याचा प्रयोग बघितला, तासाभराचा. फ्रॉकातली पोर फुगडी खेळते, समोर कोणीच नाही, हात पुढे करून एकटीच गिरक्या घेते, आणि मग हळूहळू तेच हात ओढणी सावरायला लागतात, अंग आखडत जातं. बोलणं जवळजवळ नाहीच. पण बघायला कोण, तर नेहमीचे आम्ही झोळीवाले! हे देवळाच्या उत्सवात व्हायला हवं, आई-आजी-पोरी सगळ्या असतात तिथे. काय म्हणता?

फोंड्याचा प्रेक्षक: अजिबात नाही पटत. उत्सवात लोकांना संगीत नाटक लागतं, रात्र जागवणारं. बाजूला खाजेवाला, पोरं रडतायत, तिथे डोळ्यांचा अभिनय तिसऱ्या रांगेपलीकडे दिसणार कोणाला? आणि पाळीबिळी घरातली गोष्ट, चव्हाट्यावर कशाला?

आबोली७: घरातली?? पूर्वी न्हाण आलं की पोरीला मखरात बसवायचे, ओटी भरायचे, वाजंत्री लावायचे. लग्न आधीच लागलेलं असायचं, आता पोर नांदायला पाठवायची हे गावाला कळायला नको? ते चाललं, आणि तिने स्वतः नाचून सांगितलं की चव्हाटा.

फोंड्याचा प्रेक्षक: मखर गेलं ते बरंच झालं ना, मग परत मांडवात कशाला बसवताय?

बार्देसची सून: माझं वेगळंच आहे. देवळापुढे म्हणताय, पण जिचे ते चार दिवस असतील तिला आई घरीच ठेवणार. म्हणजे जिची गोष्ट तीच बाहेर. त्यापेक्षा पौषात धालोच्या मांडावर करा की, बायका रात्री जमून गातात-नाचतात त्या अंगणात, तिथे बायकांचंच राज्य, माईक नको न लाईट नको.

शेवंती: बायकांना बायकांनी काय नवीन सांगायचं गो? बापांनी बघायला हवं, म्हणून मांडव.

दशावतारी: आमच्याकडे पुरुष स्त्रीपार्ट करतो, पदर सावरतो, त्याला टाळ्या पडतात, तेव्हा कोणाला काही वाटत नाही. पण मला सांगा, नाच कसा होता? भरतनाट्यममध्ये एकटी नर्तकी त्याच पोशाखात नायिका होते, सखी होते, आई होते. हिला जमलं का ते? नुसता विषय चांगला म्हणून डोक्यावर घेऊ नका.

शेवंती: आई झकास, नुसत्या मान वळवण्यात कळली. बाप नाही जमला, मिशी पिळणारं कार्टून झालं. शेवट पण लांबला जरा.

फोंड्याचा प्रेक्षक: वा! बापांनी बघायला हवं, आणि बापच कार्टून. आधी तो नीट बसवा, मग मांडवाचं बोलू.