बम, बट, ॲस, फॅनी: इंग्रजीतली ढुंगणं आणि त्यांचे अर्थ

इंग्रजीत ढुंगणाला शब्द ढिगाने आहेत. खरी अडचण वेगळीच आहे: कुठला शब्द कुठे चालतो? आपल्यापैकी बऱ्याच जणांचं बोलीतलं इंग्रजी अमेरिकी सिनेमे-मालिकांवर पोसलेलं असतं, आणि शिक्षण-नोकरीच्या निमित्ताने गाठ पडते कधी न्यू जर्सीशी, तर कधी लंडनशी. या दोन ठिकाणी एकाच शब्दाचं वजन सारखं नसतं.

सर्वांत जपून वापरायचा शब्द म्हणजे 'फॅनी'. अमेरिकेत तो इतका सौम्य आहे की आजीसुद्धा नातवंडांशी बोलताना सहज वापरते. कमरेला बांधायच्या छोट्या पिशवीला तिथे 'फॅनी पॅक' म्हणतात. ब्रिटनमध्ये मात्र हाच शब्द स्त्रीच्या जननेंद्रियासाठी आहे, आणि तोही असभ्य. त्यामुळे तिकडे त्या पिशवीचं नाव 'बम बॅग'.

'बम'ची गोष्ट उलटी. ब्रिटनमध्ये हा चौदाव्या शतकापासूनचा शब्द, आज लहान मुलांशी बोलतानाही चालणारा. अमेरिकेत 'बम' म्हणजे आधी डोळ्यांपुढे येतो तो उडाणटप्पू, फुकट्या किंवा रस्त्यावर राहणारा माणूस. हा शब्द एकोणिसाव्या शतकातला. रेंगाळत भटकणाऱ्याला जर्मनमध्ये 'बुमलर' म्हणतात, त्याच्याशी याचं नातं जोडलं जातं. सिगरेट 'बम' करणं म्हणजे दुसऱ्याकडून मागून ओढणं. याला ढुंगणाशी जोडू नये. जोडायचंच तर 'बम्फ' जोडा. 'बम फॉडर' म्हणजे ढुंगणाचा चारा, अर्थात पुसायचा कागद. त्याचं हे लघुरूप. आज ब्रिटनमध्ये कंटाळवाण्या, निरुपयोगी छापील कागदांना 'बम्फ' म्हणतात. पत्रपेटीत येऊन पडणाऱ्या जाहिरातींना याहून नेमका शब्द मला माहीत नाही.

आता 'ॲस'. इथे दोन शब्द एकमेकांत मिसळले आहेत. गाढव हा अर्थ असलेला 'ॲस' लॅटिन 'आसिनुस'च्या कुळातला. ढुंगणाचा मूळ शब्द 'आर्स', जर्मन 'आर्श'च्या नात्यातला. ब्रिटनमध्ये तो अजून तसाच आहे. अमेरिकेत त्यातला 'र' गळाला आणि दोन्ही शब्दांचं रूप एक झालं. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये दहावी आज्ञा शेजाऱ्याच्या 'ॲस'चा लोभ धरू नकोस असं सांगते, ती बिचाऱ्या गाढवाबद्दल. 'द लॉ इज ॲन ॲस' यातही गाढवच आहे, म्हणून 'कायदा गाढव असतो' हे आपलं मराठी अगदी बरोबर. पुढे उच्चारामुळे लोकांना संकोच वाटू लागला आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या 'डाँकी' शब्दाचं फावलं, असं मानतात. 'आर्स' एका पक्ष्याच्या नावातही दडून बसला आहे. 'व्हीटइअर'चा गव्हाशी किंवा कानाशी काही संबंध नाही. मूळ अर्थ 'पांढऱ्या ढुंगणाचा'. तो उडाला की शेपटीवरचा पांढरा भाग लख्ख दिसतो.

अमेरिकी बोलीत 'ॲस' कधीकधी अवयव राहतच नाही. 'बिग-ॲस ट्रक' म्हणजे नुसता भलामोठा ट्रक. 'बॅडॲस' ही बहुतेक वेळा शाबासकी, तर 'हाफ-ॲस्ड' म्हणजे कसंबसं उरकलेलं काम. 'गेट युअर ॲस हिअर' यात 'युअर ॲस' म्हणजे 'तू'. आपल्या 'बूड हलव'मध्येही बोलावणं अख्ख्या माणसालाच असतं. कुणी 'एक्स्पर्ट, माय ॲस!' म्हणालं तर अनुवादात ढुंगण आणू नये, 'डोंबलाचा एक्स्पर्ट!' म्हणावं. अनुवाद करणाऱ्यांनी इथे शब्दकोश मिटून ठेवला तरच वाक्याला जीव येतो.

'बट'मध्ये आणखी गर्दी आहे. सिगरेटचं थोटूक आणि बंदुकीचा दस्ता हे 'जाड टोक' या अर्थाचे. चेष्टेचा 'बट' म्हणजे ज्याच्यावर नेम धरतात तो, हा शब्द फ्रेंचमधून आला. 'बट इन' म्हणजे मध्येच तोंड घालणं, त्यातला 'बट' डोक्याने ढुशी मारण्याचा. दारूच्या मोठ्या पिंपालाही 'बट' म्हणत. आणि 'बॉस्टन बट' हे डुकराचं मांस मागचं नसून खांद्याचं असतं!

'रम्प' हा जनावराचा मागचा भाग, 'रम्प स्टेक'मधला. त्याने तर इतिहास घडवला आहे. डिसेंबर १६४८ मध्ये कर्नल प्राइडने सैनिक उभे करून राजाशी तडजोड करू पाहणाऱ्या खासदारांना लंडनच्या पार्लमेंटबाहेर ठेवलं. उरलेल्यांच्या सभेला पुढे लोकांनी 'रम्प पार्लमेंट' हे हेटाळणीचं नाव दिलं. याच सभेने न्यायालय नेमलं आणि जानेवारी १६४९ मध्ये राजा पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला. फेब्रुवारी १६६० मध्ये 'रम्प'चे दिवस भरल्याचं दिसताच लंडनकरांनी रस्तोरस्ती होळ्या पेटवून त्यांवर खरोखरच मांसाचे 'रम्प' भाजले. एका शब्दावरून अख्ख्या शहराने साजरा केलेला असा सण मला दुसरा आठवत नाही.

डॉक्टरांकडे किंवा मुलांच्या शिक्षकांशी बोलताना 'बॉटम' घ्यावा, तो दोन्ही देशांत सभ्य आहे. आपल्या 'बूड'सारखाच तो भांड्यालाही चालतो आणि माणसालाही. इंजेक्शनच्या संदर्भात 'बटक्स' म्हटलं तर उत्तमच. 'बट' अमेरिकेत घरात, मित्रांत ठीक आहे, पण कचेरीतल्या ईमेलमध्ये नको. आणि ब्रिटनमध्ये कुणी 'प्रॅट' म्हटलं तर ते मूर्ख म्हणताहेत एवढंच समजावं. सोळाव्या शतकात त्याचा अर्थ ढुंगण होता, पण तो आता फक्त 'प्रॅटफॉल'मध्ये, म्हणजे ढुंगणावर आपटण्यात, उरला आहे.