अनुभव धागा: आलेली बातमी पुढे पाठवण्याआधी तुम्ही काय तपासता?

उंबरठा
"मुलं पळवणारी टोळी आलीय" वाला व्हिडिओ पुन्हा गटांवर फिरायला लागलाय. बघितला आणि राईनपाडा आठवलं. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातला साक्री तालुका, रविवारचा आठवडी बाजार. भिक्षुकीला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. त्या दिवसांत जो व्हिडिओ फिरत होता, मोटरसायकलवरून मूल उचलून नेण्याचा, तो कराचीत बालसुरक्षेच्या जनजागृतीसाठी केलेला होता. मुळात शेवटी ते मूल परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. नेमका तेवढा भाग कापलेला.
ज्यांना यातलं कळतं त्यांनी नेमकं लिहा. काय बघायचं, कुठे बघायचं, कुठे फसायला होतं.

तळटीप
व्हिडिओ तीन-चार ठिकाणी थांबवून स्क्रीनशॉट घ्या. एक अगदी सुरुवातीचा, एक जिथे पाटी किंवा गाडी दिसते तिथला. वरचा मजकूर, स्टिकर, लोगो कापून टाका आणि मगच गूगल लेन्सला (चित्रावरून शोध घेणारी सोय) द्या, नाहीतर लेन्स त्या अक्षरांमागेच धावतं. काही सापडलं नाही तर चित्र आरशात दिसतं तसं डावं-उजवं उलटवून पुन्हा शोधा, मुद्दाम उलटवलेले व्हिडिओ भरपूर असतात. टिनआय या चित्र शोधायच्या संकेतस्थळावर सगळ्यात जुना फोटो आधी असा क्रम लावता येतो, त्याने पहिली तारीख सापडते.
मग डोळ्यांनी बघा. नंबरप्लेट (एमएच १८ धुळे, ३९ नंदुरबार), दुकानाच्या पाटीची लिपी, पोलिसांचा गणवेश. गाड्या डावीकडून चालल्यात म्हणजे भारतच असं मात्र धरू नका, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका सगळीकडे डावीकडूनच चालतात.

सायली_के
लेन्स कुठे असतं? माझ्या फोनमध्ये दिसत नाहीये

तळटीप
सायलीताई, गूगलचं अ‍ॅप उघडा, शोधपट्टीत उजव्या टोकाला कॅमेऱ्याचं चिन्ह आहे. त्यातून गॅलरीतला फोटो निवडायचा.

कचेरी
शासन निर्णयांचं लिहिते, कारण खोटे जीआर फार फिरतात. अस्सल जीआरच्या शेवटच्या परिच्छेदात संकेतांक असतो, १८ आकडी. त्यातले पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. २०२४०७०९ ने सुरू होत असेल तर ९ जुलै २०२४. वर छापलेली तारीख आणि हे आठ आकडे यांत वर्षांचा फरक असेल तर तिथेच थांबा, कोणीतरी तारीख खरवडून नवी घातलेली असते. एखाद-दोन दिवसांचा फरक चालतो. आणि हाच आकडा शासनाच्या संकेतस्थळावरच्या शासन निर्णय विभागात टाकला की मूळ पीडीएफ उघडते. उघडली नाही तर पुढे पाठवू नका. शिक्षक भरती, अनुदान, वेतनवाढ, सगळ्याला हेच लागू.

पाचवा_महिना
+१ आणि शाळेच्या सुट्टीचं पत्र?

कचेरी
त्याला संकेतांक नसतो. पावसाची सुट्टी बहुतेक वेळा जिल्हाधिकारी देतात, आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ खाली. गेल्या वर्षीचंच पत्र तारीख बदलून फिरवतात. तारीख बदलतात, वार बदलायला विसरतात. कॅलेंडर काढा आणि वार जुळतो का बघा. जिल्हा माहिती कार्यालयाच्या पानावर पत्र आहे का तेही बघा. भाजी टाकलीय गॅसवर, नंतर येते.

मृगाचा_किडा
पावसावरून. वाहिन्या जरा जोराची सर आली की ढगफुटी म्हणतात. हवामान खात्याच्या हिशोबात एका तासात १०० मिमी पडला तर ढगफुटी. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मुसळधार, २०४.४ पर्यंत अतिमुसळधार, त्यावर अत्यंत मुसळधार. हे २४ तास सकाळी साडेआठ ते साडेआठ मोजतात, त्यामुळे "आज इतका पडला" मधला बराचसा पाऊस कालचा असतो. आणि एका केंद्राचा आकडा अख्ख्या शहराचा नसतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी, कुलाब्याला त्याच वेळी शंभरसुद्धा नाही.
तेव्हाचे फोटो दर जुलैला "आत्ताची मुंबई" म्हणून येतात. रांगेने पद्मिनी (जुन्या फियाट) टॅक्स्या दिसल्या की समजा जुना आहे, त्या २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या.

अनुस्वार
पद्मिनीचा विषय काढलात! डिकीला दोरी बांधलेली असायची, वर कॅरिअर.

जिल्हा_आवृत्ती
पेपरच्या कात्रणांबद्दल कोणी बोललं नाही. खोटं कात्रण बनवायला दोन मिनिटं लागतात. खऱ्या पानाच्या माथ्यावर गाव, तारीख, पान क्रमांक यांची बारीक ओळ असते, खोट्यात ती नसते किंवा मथळ्याला चिकटलेली असते. बातमीदाराची ओळ, स्तंभाची रुंदी, जोडाक्षरं बघा. मोडका टंक लगेच दिसतो. मग त्या तारखेचा ई-पेपर उघडा. पण इथे एक खड्डा आहे. पुणे आवृत्तीत नाही म्हणून बातमी खोटी असं म्हणू नका, परभणीची बातमी परभणीच्या पानावरच असते. शिवाय लांबच्या गावांची डाक आवृत्ती आधी छापून निघते, त्यामुळे रात्री उशिराची घटना शहरात सापडेल, गावात नाही.
जाहिरात बातमीसारखी छापली असेल तर कोपऱ्यात 'प्रायोजित' किंवा 'जाहिरात' बारीक अक्षरात शोधा. तेही नसेल तर दोन वेगळ्या पेपरांत तीच वाक्यं आहेत का बघा. शब्द न् शब्द तोच असेल तर मजकूर पुरवलेला आहे. निवडणुकीच्या आठवड्यात हे जरूर करा.

घाटमाथा
व्हॉट्सअ‍ॅपचे बाण बघायची सवय लावा. एक बाण म्हणजे पुढे पाठवलेला, दोन बाण म्हणजे पाच किंवा जास्त हातांतून आलेला. दोन बाणवाला एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो, हे एप्रिल २०२० पासून आहे. पण मजकूर कॉपी-पेस्ट केला की बाण जातात. "आत्ताच आमच्या बाजूला घडलं" असा बाण नसलेला संदेश दोन गटांवर शब्दशः सारखा आला तर तो नक्की चिकटवलेला.
फोटोवरची मूळ तारीखही व्हॉट्सअ‍ॅप काढून टाकतं. पाठवणाऱ्याला तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, मग तपशीलात तारीख दिसते.

उंबरठा
घाटमाथा, कचेरी, फारच उपयोगी. हे आमच्या पाड्यावरच्या गटांसाठी सोप्या भाषेत लिहून ठेवते. खंडन कसं पाठवायचं तेही कोणी सांगा ना, खोटा व्हिडिओ पुन्हा टाकायचा का?

तळटीप
व्हिडिओ अजिबात नको. एक स्थिर चित्र घ्या आणि त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जाड लाल फुली मारा. खाली छोटं 'खोटे' लिहिलं तर लोक कापून पुन्हा फिरवतात. मजकुराची सुरुवात खऱ्या गोष्टीने करा: "हा व्हिडिओ कराचीचा, जनजागृतीचा आहे." तारीख आणि गाव घाला, नाहीतर तुमचं खंडनही पुढच्या वर्षी भलत्याच घटनेला चिकटेल. आणि जिथे लोक वाचत नाहीत तिथे २० सेकंदांचा आवाज पाठवा, अहिराणी असेल तर अहिराणीत.

सायली_के
लेन्स सापडलं! पण फोन भरलाय म्हणतोय

घाटमाथा
व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज आणि डेटा, तिथे आपोआप डाउनलोड तिन्ही ठिकाणी बंद करा, मोबाईल डेटा, वायफाय, रोमिंग. मग त्याच पानावर स्टोरेज व्यवस्थापन, ५ एमबीहून मोठ्या फाइली आधी काढा.