आठवड्याचा बेत, बाजारहाट आणि खर्चाचा मेळ: आपले अनुभव सांगावेत

ठाणे

आमच्या घरी चार माणसे आहेत: सासूबाई, आम्ही दोघे आणि सहावीतली मुलगी. गेल्या वर्षी तीन महिने मी बाजारहाटाचा प्रत्येक रुपया वहीत टिपला, तेव्हा लक्षात आले की महिन्याच्या किराण्याचा आकडा फारसा हलत नाही. हात सैल सुटतो तो आठवड्याच्या मधल्या किरकोळ फेऱ्यांत. कोथिंबिरीची जुडी आणायला खाली उतरलेला माणूस (हा माणूस बहुधा मीच असते) खारी, चीज आणि कोणालाही नको असलेला अननस घेऊन वर येतो. आता दूध आणि किराणा वगळून भाजी, फळे व अंडी यांसाठी आठवड्याला १,५०० रुपये वेगळ्या पाकिटात ठेवते आणि शनिवारी रात्री फ्रीज व डबे उघडून घरात काय शिल्लक आहे, त्याची यादी आधी करते. आणायच्या वस्तूंची यादी त्यानंतर होते. बेत आवडीवर न बसवता भाजी किती दिवस टिकते यावर बसवला आहे. मेथी-पालक रविवार-सोमवारी, भेंडी, गवार, तोंडली मधल्या दिवसांत, कोबी, दुधी व लाल भोपळा गुरुवार-शुक्रवारी, आणि शनिवारी टोपली रिकामी झालेली असल्यामुळे पिठले. पालेभाजी टाकण्याची वेळ आता क्वचितच येते. मात्र आयत्या वेळी आलेले पाहुणे आणि मुलीचे ‘आज हे नको’ यांमुळे बेत अजूनही मोडतो. आपण हे कसे जमवता, साठवण किती करता आणि कुठे फसलात, हे सविस्तर लिहावे ही विनंती.

सांगली

एप्रिल-मे महिन्यांत वर्षाचे धान्य भरण्याची आमच्या घरची जुनी पद्धत होती. गव्हाला एरंडेल चोळून, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून पत्र्याची कोठी भरली की वर्ष निभावत असे. ती कोठी आठ माणसांसाठी होती, हे मुले बाहेरगावी गेल्यानंतर माझ्या ध्यानात यायला चार वर्षे लागली. शेवटी ज्वारीला कीड लागली, बेसनात जाळ्या झाल्या आणि दोघांपुरत्या घरातून पायलीभर धान्य बाहेर गेले. आता गहू तेवढा वर्षाचा घेते, कारण एकाच शेतकऱ्याकडच्या गव्हाची पोळी वर्षभर सारखी होते. ज्वारी तीन महिन्यांची, आणि रवा, बेसन, पोहे अर्ध्या किलोच्या वर नाहीत. टाकून दिलेले धान्य हिशेबात धरले, तर घाऊक खरेदी लहान कुटुंबाला स्वस्त पडतेच असे नाही.

पाहुण्यांविषयी आपण विचारले आहे. मी मंगळवारी रात्री मटकी भिजत घालते आणि बुधवारी सकाळी उपसून फडक्यात बांधते. एका वाटीची दोन वाट्यांहून अधिक मटकी होते. पाहुणे आले तर रस्सा वाढवून मिसळ होते, न आले तर दोन दिवसांची उसळ.

नाशिक

मी घरून २२ डबे देते, म्हणून माझा हिशेब थोडा निराळा आहे. घरच्या स्वयंपाकात चार रुपयांची चूक कोणाच्या लक्षात येत नाही. दर डब्यामागे रोज तीच चूक झाली तर २६ दिवसांत दोन हजारांच्या वर रक्कम जाते. भाजीवाला सांगतो तो भाव मी भाव मानतच नाही. निवडून, सोलून कढईत जे पडते त्याचा भाव धरते. मटाराच्या शेंगा सोलल्यावर किलोमागे साधारण निम्मेच दाणे हाती लागतात, मेथीच्या काड्या आणि फ्लॉवरचा पाला-दांडा वजनात बराच जातो, उलट कोबीत फारसे काही वाया जात नाही. त्यामुळे ४० रुपये किलोचा कोबी आणि ४० रुपये किलोच्या मटाराच्या शेंगा यांत मला जवळजवळ दुपटीचा फरक दिसतो. फ्लॉवरच्या पाल्याची भाजी एकदा करून पाहिली होती. सात डबे तशीच भाजी घेऊन परत आले, तो प्रयोग तिथेच थांबला.

टोमॅटो महाग झाला की आमटीत चिंच किंवा आमसूल जाते. कांद्याबाबत आमच्या भागातला माणूस सहसा फसत नाही: साठवायचा तो उन्हाळी कांदा, हवा खेळती राहील अशा ठिकाणी. खरिपाचा लाल कांदा स्वस्त दिसला तरी टिकत नाही, म्हणून तो आठवड्यापुरताच घ्यावा.

मडगाव

आमच्याकडे बेत वारच ठरवतात. सोमवार आणि गुरुवार शिवराक (शाकाहारी), उरलेल्या दिवशी हुमण-शीत (मासळीची आमटी आणि भात), त्यामुळे खर्चाचा सगळा भार मासळीवर पडतो. इसवणाचा (सुरमईचा) हट्ट सोडून तारले (पेडवे) आणि बांगडे यांवर आठवडा काढला, तर आमचा मासळीचा खर्च निम्म्यावर येतो. सासऱ्यांना हे अजून मान्य नाही. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि ताजी मासळी महागते, म्हणून मे महिन्यातच पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, खरेदी करावी लागते: खारे बांगडे, सुकी सुंगटे (कोळंबी), सोलां (आमसुले), मिरची, चिंच. ही रक्कम एकदम बाहेर पडते आणि जूनमध्येच शाळेचाही खर्च येतो, म्हणून जानेवारीपासून दरमहा थोडे पैसे बाजूला काढते. मूठभर सुकी सुंगटे भाजून, खोबरे व कांदा घालून किस्मूर केली की डाळ-भाताचे जेवण चौघांना पुरेसे रुचकर होते.

छत्रपती संभाजीनगर

मोबाइलवरून सामान मागवताना घरपोच सेवा मोफत मिळावी म्हणून ठरावीक रकमेपर्यंत खरेदी वाढवण्याचा मोह होतो. गेल्या दिवाळीनंतर मोजले, तेव्हा घरात साखर साडेसात किलो निघाली, आणि माझ्या वडिलांना मधुमेह आहे. आता मागणी तीन दिवस तशीच ठेवतो आणि चौथ्या दिवशी निम्म्या वस्तू काढून टाकतो.

पुणे

मुलांच्या ‘हे नको’वर मी केलेला उपाय सांगतो. दहा वर्षांच्या मुलाला २०० रुपये देऊन महात्मा फुले मंडईत नेले आणि दोन दिवसांची भाजी त्याने निवडावी, असे ठरवले. त्याने घासाघीस करून घोसाळी घेतली, वर चाळीस रुपये परत आणले आणि घरी येऊन त्या घोसाळ्यांची भजी मागितली. दोन्ही दिवस भजीच झाली. तळणीला लागलेले तेल मात्र त्या २०० रुपयांत धरलेले नव्हते.