परभणी-जालना भागात दारू सोडलेल्यांची मीटिंग कुठे भरते, हे कसे शोधावे?

प्रश्न (सेलू, जि. परभणी)

माझे थोरले बंधू मोंढ्यात एका आडत दुकानावर मुनीम आहेत. त्यांचे पिणे दहा-बारा वर्षांत वाढत गेले आणि गेल्या दिवाळीनंतर तर सकाळच्या चहाआधीच त्यांना घोट लागू लागला. एका व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर राहून ते परवा घरी आले. निघताना तिथे ‘मीटिंग सोडू नका’ असे बजावण्यात आले. ती कुठे भरते आणि कोणाला विचारायचे, हे मात्र कोणी सांगितले नाही. दादांची जायची तयारी आहे. परंतु पुतणीच्या सोयरिकीचे बोलणे चालू असल्यामुळे गावातले कोणी तिथे भेटले तर काय, ही धास्ती त्यांना आणि वहिनींना वाटते. कृपया जाणकारांनी मार्ग सुचवावा.

उत्तर १ (नांदेड)

मी स्वतः मद्यपी आहे आणि नऊ वर्षांपासून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे आपण ज्याला ‘एए’ म्हणतो त्याच्या मीटिंगला जातो. ही चळवळ १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन या गावी शेअर बाजारातला एक मनुष्य आणि एक शल्यचिकित्सक या दोन मद्यपींच्या बोलण्यातून सुरू झाली, आणि आजही तिथे एक मद्यपी दुसऱ्यापुढे आपली हकिकत सांगतो, एवढेच घडते. दारू सोडण्याची इच्छा ही सभासद होण्याची एकमेव अट आहे. फी नसते, डबा फिरतो, त्यात ज्याला जमेल तो टाकतो.

शोधण्याची सुरुवात दादांच्या केंद्रातल्या समुपदेशकांपासूनच करावी, कारण अनेक केंद्रांत एएचे जुने सभासद बोलायला येत असतात आणि त्यांचे संपर्क तिथे असतात. तिथून काही हाती लागले नाही, तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारावे, किंवा १४४४६ या व्यसनमुक्तीच्या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर फोन करावा. एएच्या भारतातील संकेतस्थळावरही चौकशी करता येते. पत्ता मिळाला तरी निघण्यापूर्वी फोन करून खात्री करून घ्यावी; मीटिंग बहुधा शाळेच्या वर्गात, चर्चच्या खोलीत किंवा दवाखान्याच्या सभागृहात भरते आणि परीक्षा किंवा सणवार आला की वेळ बदलते.

ओळखीच्या माणसाची धास्ती मलाही होती. पहिल्या दिवशी मी रुमालाने तोंड झाकून दारात उभा होतो, तेव्हा आतून एका गृहस्थांनी फक्त ‘या, बसा’ म्हटले आणि स्टीलच्या पेल्यात चहा पुढे केला. माझा हात इतका थरथरत होता की त्यांनी पेला अर्धाच भरला होता, हे मला पुष्कळ दिवसांनी उमगले. तिथे आडनाव विचारत नाहीत, आणि जो ओळखीचा भेटेल तोही त्याच कारणासाठी आलेला असतो. तरीही मन धजत नसेल, तर सेलूहून रेल्वेने परभणी किंवा जालना गाठावे. पुढे मन स्थिरावले की जवळची मीटिंग पाहता येईल.

उत्तर २ (लातूर)

आपल्या वहिनींसाठी लिहिते. मद्यपींच्या घरच्यांसाठी ‘अल-अ‍ॅनॉन’ नावाची वेगळी मीटिंग असते. ती १९५१ पासून चालू आहे आणि घरातला माणूस पीत असो वा नसो, तिथे जाता येते. मी सहा वर्षे नवऱ्याच्या खिशातले पैसे मोजत आणि बाटल्या सांडून देत काढली. ते करणे थांबवायला मी तिथे शिकले.

आणखी एक कळकळीची विनंती. कोणी ‘भाजीत कालवून द्या, त्यांना कळणारही नाही’ म्हणून दारू सोडवण्याची पावडर दिली, तर ती अजिबात देऊ नये. अशा पावडरीत डायसल्फिराम नावाचे औषध असू शकते; ते पोटात असताना माणूस दारू प्यायला, तर उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब एकदम उतरतो आणि प्रसंगी जीवही जातो. ते औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि घेणाऱ्याला पूर्ण सांगूनच द्यायचे असते. माझ्या सासूबाईंनी मायेपोटी हा प्रकार केला होता, आणि ती रात्र आम्ही दवाखान्याच्या बाकावर काढली.

उत्तर ३ (परिचारिका, अंबाजोगाई)

वरील दोघांनी सांगितलेले योग्यच आहे, एक गोष्ट जोडते. दादांचे पिणे पुन्हा सुरू होऊन काही दिवस चालले, तर घरी कोंडून एकाएकी बंद करू नये. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवल्यास पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस भ्रमिष्टासारखा बडबडू लागतो, नसलेले दिसू लागते. अशा वेळी आधी रुग्णालय, मीटिंग नंतर.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे मनापासून आभार. केंद्रातल्या समुपदेशकांनी परभणीच्या एका सभासदाशी बोलणे करून दिले. रविवारी आम्ही दोघे निघत आहोत. मला दादांबरोबर आत बसता येईल का?

नांदेड

खुली मीटिंग असेल तर अवश्य बसता येईल. बंद मीटिंग फक्त मद्यपींसाठी असते, तेव्हा आपण बाहेर थांबावे. नेमकी कोणती आहे, हे त्या सभासदालाच आज विचारून घ्या. आणि परतीची गाडी लगेचची धरू नका. मीटिंग संपल्यावर चहाला सगळे थांबतात, तिथेच दादांना दोन-तीन फोन नंबर मिळतील.