अदलाबदलीच्या गोधडीचे चौकोन मापात बसेनात

सुईदोरा, सांगली
नमस्कार मंडळी. आम्ही सांगली-मिरजेच्या बारा जणींनी चौकोनांची अदलाबदल केली. प्रत्येकीनं एकाच नमुन्याचे बारा शिवायचे, एक ठेवून बाकीचे वाटायचे. शिवलेला चौकोन साडेबारा इंच, जोडल्यावर बारा, असं ठरलं होतं. काल वाटप झालं आणि घरी येऊन मोजले, तर कुणाचा पावणेबारा, कुणाचा पावणेतेरा. एकीनं खणाचे शिवलेत, त्याचे धागे आत्ताच सुटायला लागलेत.

मिरजेच्या मावशींचा मात्र बघत राहावा असा आहे. आईच्या जुन्या लुगड्याचे तुकडे, सगळं हातानं, ज्वारीच्या दाण्याएवढा धावदोरा. हिरवा विटलाय पण काठ अजून लालभडक. तो एका बाजूनं बारा, दुसऱ्या बाजूनं साडेअकरा. त्याला मी कात्री लावणार नाही. बाकीचे सगळे लहानात लहान चौकोनाएवढे कापून घेऊ का?

विटेकर
हो, कापा आणि मधून पट्ट्या घाला. पट्ट्यांत फरक लपतो.

वाकळवाली, कराड
ताई, थांबा, कात्री खाली ठेवा. लहानाएवढे कापलेत तर ज्यांच्या नमुन्याची टोकं कडेला येतात त्यांची टोकंच जातील. एवढ्या हौसेनं केलेल्या चांदण्या बोथट झालेल्या मला तरी बघवणार नाहीत.

फरक कुठून आला ते आधी बघा. नऊ घरांचा चौकोन घेऊ. साडेचार इंची तीन तुकडे शेजारी ठेवले की साडेतेरा. मध्ये दोन शिवणी. दोन सूत माया (शिवणीबाहेर सोडलेलं कापड) धरली, म्हणजे पाव इंच, तर एकेका शिवणीत अर्धा इंच जातो आणि साडेबारा उरतात. पण बऱ्याच जणी मशीनच्या पायाच्या कडेनं शिवतात, तिथं माया सहज तीन सूत होते. मग बाराच उरतात. एका सुतात अर्ध्या इंचाचा फरक! पुढच्या वेळी वाटपाआधी प्रत्येकीला दीड इंची तीन पट्ट्या जोडून आणायला सांगा. मधली बरोबर १ इंच दिसली तर माया बरोबर. इस्त्रीसुद्धा दाबून उचलायची. घासून फिरवली की उरेब, म्हणजे तिरके कापलेले तुकडे ताणतात.

आता हातात आहेत त्यांचं. मोठे आहेत ते मध्य धरून चारी बाजूंनी सारखे कापा. लहान आहेत त्यांना चारी बाजूंनी एकरंगी पट्टी जोडा, रुंदच जोडा, मग साडेबाराला कापा. पट्टी सगळ्यांना एकाच कापडाची लावा, म्हणजे ती मुद्दाम लावल्यासारखी दिसते.

मावशींच्या चौकोनासाठी मी सांगते तेच करा. मांजरपाटाचा १४ इंची तुकडा घ्या, त्यावर तो चौकोन मधोमध ठेवून कच्चा दोरा (नंतर काढून टाकायचे लांब टाके) घाला, कडा आत दुमडून हातानं टाका आणि मग मांजरपाटच साडेबाराला कापा. लुगड्याच्या धाग्याला कात्री लागत नाही. तिरका दिसेल, दिसू दे. माझ्या सासूबाई वाकळ अशीच शिवायच्या. खाली अख्खं लुगडं अंथरायचं, वर मिळतील ते तुकडे मांडायचे आणि कडेनं सुरुवात करून धावदोरा फिरवत फिरवत मध्यापर्यंत यायचं. तुकडे लहान-मोठे असले तरी काही बिघडत नसे, कारण भार सगळा खालच्या कापडावर. म्हणून माझं तर म्हणणं, पुढच्या अदलाबदलीत सगळ्याच चौकोनांना अस्तर द्या. खण, रुबिया, इरकल, काहीही येऊ दे, खाली एकच मांजरपाट असला की ताण सारखा राहतो. ४४ इंच पन्हा (कापडाची रुंदी) मिळाला तर १४ इंची तीन बसतात, बारांना दीड मीटर पुरतं. मात्र आधी धुऊन घ्या, कोरा मांजरपाट आटतो. आणि शिवून झालेले चौकोन एकीनंच, एकाच पट्टीनं कापायचे.

पोवईनाका
खणाच्या चौकोनालाही मागून पातळ सुती अस्तर लावून घ्या ताई, नाहीतर शिवणीतून निघून येईल. आणि ते लालभडक काठ! ओलं पांढरं फडकं त्यावर दाबून बघा. रंग उतरला तर जोडायच्या आधीच वेगळं धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. एकदा पांढऱ्याशेजारी शिवलं की काही करता येत नाही.

सुईदोरा, सांगली
वाकळवाली ताई, तुम्ही लिहिलेलं आमच्या ग्रुपवर सगळ्यांना वाचून दाखवलं. मावशी म्हणाल्या, लुगडं कापायचं नाही म्हणजे फार बरं झालं. फडकं दाबून बघितलं, थोडा गुलाबी डाग आला, म्हणून मावशींना विचारूनच धुवायला घेतलंय. एक राहिलंच: बारा चौकोनांत गोधडी एका माणसाला पुरेल का?

वाकळवाली, कराड
नुसते चौकोन तीन बाय चार जोडलेत तर ३६ बाय ४८, बाळापुरतंच. चौकोनांच्या मधून आणि कडेनं ३ इंची पट्टी दिली की ४८ बाय ६३. वर चारी बाजूंनी ६ इंच काठ लावा, ६० बाय ७५ होईल, एका माणसाला चालेल. पट्ट्या कापताना साडेतीन इंच कापा. काठाला जुनी सुती साडी उत्तम, पण पदराजवळचा भाग घ्या, निऱ्यांचा विरलेला असतो. भरायला आत दोन साड्यांचे थर पुरे, जास्त घातलेत तर हाताची सुई निघत नाही.