मदत हवी आहे: मुद्दल मोडून खावी का?

नमस्कार मंडळी,

लातूरला असतो. माझं वय ६२, बायकोचं ५७. एका सहकारी साखर कारखान्यात ३१ वर्षं स्टोअरमध्ये होतो, २०२३ ला रिटायर झालो. घर स्वतःचं आहे, कर्ज नाही. मुलगा पुण्यात कंत्राटी कामावर, निम्मा पगार घरभाड्यात जातो. त्याच्याकडं मागायला जीव होत नाही.

ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफ खात्याकडून येणारी, पेन्शन ३,१४० रुपये. ५८ व्या वर्षी सुरू झाली तेव्हा जेवढी होती तेवढीच आज आहे, कारण तिला महागाई भत्ता जोडलेलाच नाही. फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे जेवढे हातात आले ते मिळून १२ लाख ऑगस्ट २०२३ मध्ये पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकले. ८.२ टक्क्यांनी दर तीन महिन्याला २४,६०० येतात, म्हणजे महिन्याला ८,२००. एकूण ११,३४०. शिवाय बँकेत दोन लाखांची एफडी आहे, दवाखान्यासाठी राखलेली.

पहिल्या वर्षी यात भागलं. आता महिन्याला दोन-अडीच हजार कमी पडतात. बायको खर्चाची वही ठेवते. किराणा ३,८०० वरून ४,९०० झालाय, दूध-गॅस-लाईट वेगळंच. उन्हाळ्यात टँकर. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हाही टँकर घेत होतो, पण तेव्हा पगार होता, रक्कम आठवतसुद्धा नाही. आणि आहेर! लग्नसराईत सात-आठ पत्रिका येतात. भावकीत रिकाम्या हातानं कसं जायचं?

धागा काढायचं कारण वेगळं आहे. दिवाळीनंतर आवराआवर करताना बायकोचं बीपीच्या गोळ्यांचं पाकीट हाती लागलं. प्रत्येक गोळीमागं पेननं बारीक तारीख लिहिलेली, एक दिवसाआड. विचारलं तर म्हणाली, "मला काय झालंय? बरंच वाटायलंय की." वहीत औषधाचा खर्च कमी झालेला मला दिसला होता. मी समजलो, औषध स्वस्त झालं असेल.

त्या रात्रीपासून एकच विचार चालू आहे. मुद्दल मोडावी का?

आमच्या घरात हे सोपं नाही. बहात्तरच्या दुष्काळात वडील खडी फोडायला गेले, आम्ही सुकडी खाल्ली, पण बियाण्याची ज्वारी दळली नाही. मुद्दल म्हणजे माझ्या डोक्यात तीच कणगी आहे. पण बियाणं पुढच्या पेरणीसाठी राखतात. आमची पेरणी आता कुठली? दुसरीकडं, बायको माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. माझ्यामागं तिला पेन्शन निम्मीच, म्हणजे १,५७० मिळणार. तिला हीच रक्कम पुरवायची आहे.

चूकही केलीय. १२ लाखांचं एकच खातं काढलं. त्यातून थोडे पैसे काढता येत नाहीत, मोडायचं तर पूर्ण खातं, आणि दोन वर्षं झाल्यामुळं एक टक्का कापतात, म्हणजे १२,००० गेले. चार-चार लाखांची तीन खाती काढली असती तर एकच मोडलं असतं. तुमच्यापैकी कोणी मुद्दल खात असेल तर वर्षाला किती काढता, कसं ठरवलंत? ६५ आणि ७० वयाच्या सवलती मला अजून लागू नाहीत, तेवढं ध्यानात घेऊन सांगा.

प्रतिसाद (परभणी):
काका, सगळ्यात आधी काकूंची गोळी. बीपीची गोळी मनानं कमी करायची नसते. सरकारी दवाखान्यात बीपी-शुगरच्या गोळ्या मोफत मिळतात, उद्याच दोघं जा. नसेल तिथं, तर डॉक्टरांना घटकाचं नाव लिहून मागा आणि जनऔषधी केंद्रात घ्या. पोस्टाचं खातं मोडू नका. ऑगस्ट २०२८ ला पाच वर्षं भरतील. तोवर ३३ महिने आहेत. एफडीतून महिन्याला २,५०० घेतलेत तर ८२,५०० जातात, लाखाच्या वर दवाखान्यासाठी उरतात. २०२८ ला तीन खाती करा, त्यातलं एक खायचं म्हणूनच ठेवा. तेव्हा तुमचं एसटीचं अर्धं तिकीटही सुरू झालेलं असेल. आमच्या घरी वडिलांनी असंच केलं. पहिल्या महिन्यात त्यांना झोप लागली नाही, मग लागली.

धागाकर्ता:
मनापासून आभार. आज दवाखान्यात जाऊन आलो. महिन्याच्या गोळ्या मिळाल्या, पैसे लागले नाहीत. बीपी १६४ निघालं. डॉक्टर तिला रागावले आणि मलाही. ते बरोबरच होतं. आता रोज सकाळी चहाआधी गोळी मी स्वतः तिच्या हातावर ठेवणार.

एफडी दोन भागांत करून मागायला सोमवारी बँकेत जातो. हिशेब तिच्यासमोर मांडला. ती म्हणाली, आधी आहेराचे कमी कर. त्यावर अजून एकमत नाही.

अजून एक. ग्रॅच्युइटीची जवळजवळ निम्मी रक्कम अडकलेली आहे, दर वेळी "पुढच्या हंगामात" सांगतात. नियमानं ती ३० दिवसांत द्यायची असते. कारखान्यातून अशी बाकी कोणी अर्ज करून सोडवून घेतली असेल तर अर्ज कुठं दिला, बरोबर कोणती कागदं लागली, किती दिवस गेले, एवढं लिहा. माझ्याबरोबरचे आणखी तिघं-चौघं वाट बघत आहेत.