सहा जणांसाठी कोडनेम्स घ्या

सहा मित्रांनी मिळून खेळायला कुठला बोर्डगेम घ्यावा, असं विचारलं की कुणीतरी कॅटान सुचवतंच. खेळ झकासच, पण मूळ डब्यात तीन-चार जणांचीच सोय असते. पाच-सहा जणांसाठी जोडडबा वेगळा घ्यावा लागतो. सहा-आठ जण असाल तर माझं मत कोडनेम्सला. २०१५चा खेळ. ५ बाय ५ असे २५ शब्द मांडायचे, दोन संघ करायचे. कुठला शब्द कुणाचा ते दाखवणारा नकाशा बघून संघाच्या म्होरक्यानं एक शब्द आणि एक आकडा सांगायचा, त्यावरून बाकीच्यांनी आपले शब्द ओळखायचे. नकाशात काळा असलेल्या शब्दाला हात लागला की डाव तिथंच खलास!

आम्ही लातूरला दिवाळीत ओसरीवर सतरंजी टाकून खेळतो. इंग्रजी शब्द काढून टाकले, वहीच्या पानांच्या मराठी चिठ्ठ्या केल्या. एकदा वहिनी म्हणाल्या, "पाणी, तीन." हंडा, आड लगेच सापडले. तिसरा? धाकट्यानं थेट 'रेल्वे'वर बोट ठेवलं. बरोबर! २०१६ला मिरजेहून पाण्याची रेल्वे आलेली, ती लातूरकर कसा विसरेल? असली मजा छापील पत्त्यांत नाही, म्हणून चिठ्ठ्या आपल्या गावच्याच करा. कुणाचा कुठला शब्द ते दाखवणारा नकाशा मात्र डब्यातलाच वापरा.

चौघंच असाल तर कार्कासोन हा बोर्डगेम बघा, शिकायला पंधरा मिनिटं पुरतात.